एक वही, दोन हात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



विषय ठरवताना इथल्या मंडळींनी मला एक रास्त शंका विचारली. टिपणं ठेवायची ओपन सोर्स सॉफ्टवेअर आणि एका वेळी अनेक कामं करणारे प्रोग्रॅम लिहायची साधनं, या दोन गोष्टी एकाच भाषणात कशा बसवणार? पहिली गोष्ट वाण्याच्या यादीपासून पीएच. डी.च्या संदर्भांपर्यंत सगळ्यांच्या उपयोगाची. दुसरी प्रोग्रॅमरपुरती. मी एका तंत्रनिकेतनात प्रोग्रॅमिंग शिकवते, त्यामुळे दोन्हींशी माझा रोजचा संबंध येतो, आणि मला तरी दोन्हींत एकच प्रश्न दिसतो. वही एक आहे आणि लिहिणारे हात दोन आहेत. दोन्ही हात एकाच वेळी लिहायला लागले तर काय होतं? साधन चांगलं की बेतास बात, हे मी या एका प्रश्नावरून ठरवते. दिसायला किती देखणं आहे, हे त्यानंतर.

आधी आपल्या ओळखीच्या वहीपासून सुरुवात करू. किराणा दुकानातली उधारीची वही. एका गिऱ्हाइकाच्या नावावर ५०० रुपये बाकी आहे. गल्ल्यावर दोघे भाऊ. थोरला वहीत बघतो, ५००. त्यानं आत्ताच २०० रुपयांचा माल दिलाय. धाकटाही त्याच क्षणी डोकावतो, ५००. त्यानं त्याच गिऱ्हाइकाच्या मुलाला ३०० रुपयांचं तेल दिलंय. थोरला मनात बेरीज करून ५०० खोडतो आणि ७०० लिहितो. धाकट्याच्या डोक्यात मघाचे ५००च आहेत. तो वहीकडे पुन्हा न बघता ८०० लिहून मोकळा होतो. खरी बाकी हजार. दोघांचीही बेरीज बिनचूक, तरी दुकानाचे २०० रुपये गेले. चूक माणसांत नव्हती. ‘बघणं, मिळवणं, लिहिणं’ या तीन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा हात शिरला, एवढंच झालं.

आमच्या घरी हे २०० रुपयांवर भागलं नसतं. माझे वडील, अण्णा, सांगलीला दादा-वहिनींकडे असतात. मी पुण्यात. अण्णांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, शिवाय साखर. रक्त तपासलं की डॉक्टर त्या गोळीचं प्रमाण बदलतात. कमी झाली तर गुठळीची भीती, जास्त झाली तर रक्तस्रावाची. आम्ही तिघांनी मिळून फोनवर एक सामायिक टिपण ठेवलं होतं, ‘अण्णांची औषधं’. एके दिवशी दादा अण्णांना घेऊन तपासणीला गेला. डॉक्टरांनी एकची अर्धी केली. दादानं तिथंच, तळघरातल्या प्रयोगशाळेबाहेर बसून, टिपणात ‘एक’ खोडून ‘अर्धी’ लिहिलं. तिथं नेटवर्क नव्हतं. बाहेर रस्त्यावर आल्यावर ते वर गेलं. इकडे वहिनींनी तेच टिपण सकाळपासून उघडं ठेवलं होतं. त्यांनी खाली सकाळची साखर लिहिली आणि जतन केलं. त्यांच्या फोनवरचं आख्खं टिपण, जुन्या ‘एक’सकट, दादाच्या टिपणावर जाऊन बसलं. सॉफ्टवेअरनं ना दादाला काही विचारलं, ना वहिनींना. रात्री वहिनींनी फोन बघून गोळी काढली, एक. अण्णांच्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी होती आणि त्यांना ती वाचायची सवय आहे, म्हणून ती गोळी पोटात गेली नाही.

त्या सॉफ्टवेअरचं नाव मी सांगत नाही. कंपनीला विचारलं तर ‘शेवटची प्रत ग्राह्य धरली जाते’ एवढंच उत्तर आलं. आत नेमकं काय चालतं हे बघायला काही मार्ग नव्हता, कारण ते ओपन सोर्स नव्हतं.

ओपन सोर्स म्हणजे फुकट, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तसं नाही. फोनवरची पुष्कळ सॉफ्टवेअर फुकट असतात. ऑब्सिडियन नावाचं टिपणांचं लोकप्रिय सॉफ्टवेअर फुकट मिळतं, टिपणंही साध्या मजकुरात ठेवतं, पण ते ओपन सोर्स नाही. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला पुन्हा वाटता येतो. दोन हात एकदम आले तर हे सॉफ्टवेअर काय करतं, याचं उत्तर तिथं कंपनीच्या मर्जीवर नसतं, लिहून ठेवलेलं असतं.

आता याच प्रसंगाचं दुसरं रूप, संगणकाच्या पोटातलं. प्रोग्रॅम म्हणजे सूचनांची एक माळ. संगणक पहिली सूचना पाळतो, मग दुसरी. एका प्रोग्रॅममध्ये अशा दोन-चार माळा एकाच वेळी चालवल्या तर प्रत्येक माळेला थ्रेड म्हणतात, धागा. गंमत अशी की हे सगळे धागे एकाच स्मृतीत लिहितात. म्हणजे वही एक, हात अनेक. पूर्वी हे प्रकरण मोजक्या लोकांपुरतं होतं. प्रोग्रॅम हळू चालला तर पुढच्या वर्षीचा प्रोसेसर आपोआप वेगवान येई. २००४ च्या ऑक्टोबरात इंटेलनं चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ चा बेत रद्द केला, कारण वेग वाढवावा तशी उष्णता आवरेना. २००५ मध्ये एका चिपवर दोन-दोन कोअर आले. आज साध्या फोनमध्ये आठ कोअर असतात. ते सगळे कामाला लावायचे तर धागे हवेत, आणि धागे आले की उधारीच्या वहीची भानगड आली. इंग्रजीत तिला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. शर्यत. दोघांत आधी कोण पोचतो यावर उत्तर अवलंबून.

ही शर्यत जिवावर बेतू शकते याचं एक उदाहरण आमच्या अभ्यासक्रमात हमखास असतं. थेरॅक-२५ हे कॅन्सरवर किरणोपचार करणारं कॅनडात बनलेलं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्रानं सहा रुग्णांना प्रचंड मोठी मात्रा दिली आणि त्यांतल्या निदान तिघांचा त्यात मृत्यू झाला. टेक्सासमधल्या टायलर गावी १९८६ मध्ये अशा दोन घटना घडल्या. तिथं घडलं ते असं. यंत्र चालवणारी तंत्रज्ञ पडद्यावर उपचाराचा प्रकार लिहायची. कधी क्ष-किरणाचं अक्षर चुकून पडलं तर वर जाऊन बदलायची, इलेक्ट्रॉनचं करायची. पण पहिलं अक्षर वाचून यंत्राचं एक काम आधीच सुरू झालेलं असायचं. चुंबकं जुळवायचं. त्याला साधारण आठ सेकंद लागत. या आठ सेकंदांत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, पण यंत्राच्या त्या दुसऱ्या कामाला कळतच नसे. आमच्या टिपणासारखंच. एका हातानं लिहिलं, दुसऱ्या हाताकडे जुनीच प्रत.

ही चूक लवकर का सापडली नाही, ते मला फार बोलकं वाटतं. तपासायला बसलेला माणूस सावकाश टाइप करतो. सरावानं हात बसलेली तंत्रज्ञ भराभर टाइप करते. दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत झाली तरच अपघात. रुग्णालयातले भौतिकतज्ज्ञ आणि ती तंत्रज्ञ दोघांनी पुन्हा पुन्हा तेच टाइप करून वेग साधला, तेव्हा कुठं यंत्रानं तीच चूक त्यांच्यासमोर करून दाखवली. आधीच्या थेरॅक-२० यंत्रातही हा दोष होता, पण त्यात बिघाड अडवणारी वेगळी यंत्रणा जोडलेली असल्यानं कुणाला इजा झाली नव्हती. नव्या यंत्रात ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली.

मग यावर उपाय काय? पहिला आणि सर्वांत जुना उपाय म्हणजे कुलूप. एकानं वही उघडली की दुसऱ्यानं थांबायचं. एडस्गर डिक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं १९६५ मध्ये या प्रश्नाची नेटकी मांडणी केली, तेव्हापासून कुलपांचे नाना प्रकार निघाले. खरा कळीचा मुद्दा मात्र एकच. कुलूप केवढं?

पायथॉन ही भाषा बहुतेक मुलं हल्ली पहिली शिकतात. तिच्यात १९९० च्या दशकापासून एक मोठं कुलूप आहे. पुण्याच्या जुन्या वाड्यातला नळ आठवा. बिऱ्हाडं दहा, नळ एक. कुणाच्याही घरी कितीही घाई असो, एका वेळी एकच कळशी भरणार. पायथॉनचे धागे असेच रांगेत उभे राहतात. आठ कोअर असले तरी पायथॉनच्या सूचना एका वेळी एकच धागा चालवतो. भाषा १९९१ मध्ये बाहेर आली, तेव्हा घराघरांत एकच कोअर होता, त्यामुळे हे शहाणपणाचंच होतं. आमची मुलं यातून एक चुकीचा निष्कर्ष काढतात. नळ एक आहे म्हणजे उधारीची वही सुरक्षित, असा. तसं नाही. ‘बघणं, मिळवणं, लिहिणं’ यांच्या मध्ये पाळी बदलू शकते, आणि २०० रुपये तिथंही जातातच. सॅम ग्रॉस या प्रोग्रॅमरनं हे कुलूप काढायचा आराखडा मांडला, २०२३ मध्ये तो स्वीकारला गेला, ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीबरोबर बिनकुलपाचा पायथॉन प्रयोग म्हणून आला आणि ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये त्याला अधिकृत पाठबळ मिळालं. तो अजून वेगळा घ्यावा लागतो. नेहमीच्या पायथॉनमध्ये नळ एकच आहे.

लिनक्सचीही कथा अशीच. १९९६ मध्ये लिनक्सला एकाहून जास्त प्रोसेसर वापरता येऊ लागले ते ‘बिग कर्नल लॉक’ नावाच्या एकाच अजस्र कुलपाच्या जोरावर. मग ते फोडून खोलीखोलीला वेगळी कुलपं बसवण्याचं काम सुरू झालं, आणि मोठं कुलूप पूर्णपणे निघायला २०११ साल उजाडलं. पंधरा वर्षं! वाड्याचा दरवाजा एक असताना सोपं असतं. खोल्यांना कुलपं लावली की नवा घोळ होतो. एकीच्या हातात किसणी, दुसरीच्या हातात नारळाची वाटी. किसणीवाली म्हणते, वाटी मिळाली की किसणी देते. वाटीवाली म्हणते, आधी किसणी. दोघी सभ्यपणे वाट बघत बसतात आणि स्वयंपाक राहतो. याला ‘डेडलॉक’ म्हणतात. उपाय घरगुतीच आहे. सगळ्यांनी आधी किसणी घ्यायची आणि मगच वाटी, असा क्रम ठरवून टाकायचा.

कुलूप केवढं हा प्रश्न टिपणांच्या सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा येतो, फक्त तिथं कुणी त्याला कुलूप म्हणत नाही. चेरीट्री हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर मला रचनेच्या दृष्टीनं फार आवडतं. प्रकरणं, पोटप्रकरणं, फांद्यांसारखी. पण त्यात साधारणपणे सबंध वही एका फाइलीत असते. जेरेमी रस्टन यांचं २००४ पासूनचं टिडलीविकी तर त्याहून विलक्षण, आख्खी वही एका वेबपानात मावते आणि ते पेनड्राइव्हवर टाकून कुठंही न्या. एकट्या माणसाला दोन्ही उत्तम. पण अशी वही दोन संगणकांवर सामायिक ठेवलीत आणि दोघांनी दोन वेगळ्या पानांवर एकेक ओळ जरी लिहिली, तरी भांडण सबंध वहीचं होतं. वाड्याला एकच दरवाजा. उलट झिम हे सॉफ्टवेअर प्रत्येक पान वेगळ्या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतं. तुम्ही औषधांच्या पानावर, मी किराण्याच्या पानावर, कुणाचा कुणाला धक्का नाही. झिम दिसायला जुन्या वळणाचं आहे आणि त्याचं अधिकृत फोन-अ‍ॅप नाही. ही उणीव मोठी आहे, पण संगणकावर काम करणाऱ्या संशोधकाला मी आधी झिमच सुचवीन.

प्रोग्रॅमर लोकांचे दोन जुने संपादक, व्हिम आणि इमॅक्स, या बाबतीत फार जागरूक आहेत. कुणीतरी आधीच उघडलेली फाइल व्हिममध्ये उघडायला जा, तो लगेच हटकतो की हिच्यावर आधीच काम चाललेलं दिसतंय, काय करू? इमॅक्सही तुम्ही बदल सुरू केलात की शेजारी एक खूण ठेवून देतो. त्याच्यातली ऑर्ग मोड ही टिपणांची सोय कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं २००३ मध्ये स्वतःच्या कामासाठी सुरू केली. व्हिमचे कर्ते ब्राम मोलेनार २०२३ मध्ये गेले. त्यांनी सॉफ्टवेअर मोफत दिलं आणि वापरणाऱ्यांना युगांडातल्या मुलांसाठी मदत करण्याची विनंती तेवढी केली. व्हिम उघडला की ती ओळ अजून दिसते. पण या दोघांची खूण त्या-त्या संगणकापुरती. सांगलीचा फोन आणि पुण्याचा फोन यांच्यात ती चालत नाही, कारण तळघरात नेटवर्क नसताना कुलूप लागलंय की नाही हे विचारणार कुणाला?

दुसरा उपाय आपल्या पेढ्यांवर फार पूर्वीपासून चालत आला आहे. वही दिवाणजींकडेच. बाकीच्यांनी चिठ्ठ्या पाठवायच्या. दिवाणजी एकेक चिठ्ठी घेऊन नोंद करणार. हात एकच, त्यामुळे शर्यत नाही. एर्लँग ही भाषा स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन केंद्रांसाठी १९८० च्या दशकात तयार झाली आणि १९९८ मध्ये ओपन सोर्स झाली. तिच्यात सामायिक वही जवळजवळ नाहीच, सगळा चिठ्ठ्यांचा कारभार. आपण सकाळी उठून व्हॉट्सॅपवर ज्या फुलांच्या शुभेच्छा पाठवतो, त्या वाहून नेणारी यंत्रणा एर्लँगवर उभी आहे. गूगलनं २००९ मध्ये आणलेली गो ही भाषाही चिठ्ठ्यांवर भर देते. ती शिकायला सोपी, म्हणून मी मुलांना धाग्यांची ओळख गोमधून करून देते. मात्र गो तुम्हाला वही सामायिक ठेवायलाही मोकळीक देते, आणि आमची मुलं पहिल्या आठवड्यात ती मोकळीक घेतातच.

रस्ट ही मोकळीक देत नाही. या भाषेची पहिली पक्की आवृत्ती १५ मे २०१५ ला आली. तिचा नियम वाचनालयाच्या ग्रंथपालासारखा कडक. वही एक तर अनेकांनी नुसती वाचावी, नाही तर एकानंच लिहावी. दुसऱ्याला दिलीत की तुमच्या हातात ती राहिली नाही. नियम मोडलात तर प्रोग्रॅम चालणं दूरच, तयारच होत नाही. पहिला महिनाभर मुलं वैतागतात. मला विचाराल तर जिथं चूक झाल्यावर माणसाला इजा होईल, तिथं हा वैताग स्वस्त आहे. पण रस्ट म्हणजे सगळं निर्धोक, असंही मानू नये. किसणी-वाटीचा डेडलॉक रस्टमध्येही होतो.

तिसरा उपाय मात्र टिपणांच्या जगाला सर्वांत जवळचा. कुणालाच अडवायचं नाही. दोघांनाही आपापल्या प्रतीवर लिहू द्यायचं आणि भेट झाली की प्रती ताडून बघायच्या. लिनस टोरवाल्ड्‌स यांनी २००५ मध्ये लिहिलेलं गिट हेच करतं. दोघांनी सुरुवात केली ती मूळ प्रत त्याच्याजवळ असते. तिच्याशी तुलना करून कुणी काय बदललं हे तो ओळखतो. दादानं वरची ओळ बदलली आणि वहिनींनी बऱ्याच खाली नवी ओळ लिहिली, तर दोन्ही बदल ठेवतो. एकाच ओळीला दोघांनी हात लावला तर मधे पडत नाही, दोन्ही मजकूर समोर ठेवतो आणि म्हणतो, तुम्हीच ठरवा. मराठी लेखकांना इथं एक सूचना. गिटची तुलना ओळीनं चालते, आणि आपण आख्खा परिच्छेद एका ओळीत लिहितो. मग एका शब्दासाठी सबंध परिच्छेदाचं भांडण उभं राहतं. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिलंत की भांडण वाक्यापुरतं उरतं. पुन्हा कुलूप केवढं, हाच मुद्दा.

घरच्या माणसांना गिट शिकवत बसणं काही व्यवहार्य नाही. त्यांच्यासाठी जॉप्लिन आहे. लॉरां कोझिक यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फोनवर आणि संगणकावर चालतं, टिपणं वाटेत कुणाला वाचता येऊ नयेत अशी सोय त्यात करता येते, आणि मुख्य म्हणजे दोन प्रतींची टक्कर झाली तर हरलेली प्रत ते टाकून देत नाही. ‘कॉन्फ्लिक्ट्स’ नावाच्या वेगळ्या वहीत ती ठेवतं. दुसरा मार्ग सिंकथिंगचा. हे टिपणांचं सॉफ्टवेअर नाही, तुमच्या दोन-तीन यंत्रांवरचं एकच फोल्डर सारखं ठेवणारं साधन आहे, मधे कुठल्या कंपनीचा संगणक न आणता. टक्कर झाली तर तेही एका प्रतीच्या नावात तारीख-वेळ घालून ती शेजारी ठेवून देतं. आमच्या घरी आता साधा मजकूर आणि सिंकथिंग आहे. मधूनमधून अशी दुसरी प्रत उगवते. वहिनी दोन्ही वाचतात, दादाला हाक मारतात आणि एक पुसून टाकतात.

याही पुढची पायरी म्हणजे भांडणच होऊ न देणारी रचना. मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तिची पद्धतशीर मांडणी केली. यात प्रत्येक अक्षराला स्वतःची ओळख असते, त्यामुळे बदल कोणत्याही क्रमानं पोचले तरी सगळ्यांच्या प्रती शेवटी तंतोतंत सारख्या होतात. ऑटोमर्ज आणि वायजेएस ही तिची ओपन सोर्स साधनं. सभेचं इतिवृत्त चार जणांनी मिळून लिहायचं तर यासारखी सोय नाही. पण औषधांच्या यादीला मी ती लावणार नाही. ‘एक’च्या जागी एकानं ‘अर्धी’ लिहिलं आणि दुसऱ्यानं ‘दीड’, तर सगळ्यांच्या फोनवर ‘अर्धीदीड’ असं एकसारखं दिसेल. प्रती जुळल्या, पण गोळी किती द्यायची? तिथं मला विचारणारं सॉफ्टवेअर हवं.

आता टिपणं किती वर्षं टिकतील, याविषयी थोडं. टॉमबॉय नावाचं टिपणांचं सॉफ्टवेअर एके काळी लिनक्सवर घरोघरी होतं. त्याची टिपणं उबुंटू वन या सेवेवर ठेवता येत. ती सेवा २०१४ मध्ये बंद झाली, पुढं टॉमबॉयही मागं पडलं. पण सोर्स कोड खुला असल्यानं २००९ मध्येच त्यावरून जीनोट तयार झालं होतं आणि जुनी टिपणं त्यात वाचता येत होती. सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, तेव्हाही त्याच कोडवरून इतरांनी अ‍ॅप चालू ठेवलं. याउलट एव्हरनोट या बंदिस्त सॉफ्टवेअरनं २०२३ च्या डिसेंबरात मोफत वापरणाऱ्यांना पन्नास टिपणांची आणि एका वहीची मर्यादा घातली. तो कंपनीचा हक्कच. आपण मात्र वही निवडताना हे ध्यानात ठेवावं.

मराठी माणसाला हे पटवून द्यायला नको. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेले लेख आज उघडले तर तो फॉन्ट नसेल तिथं चिन्हांची रांगोळी दिसते. युनिकोडमध्ये साध्या मजकुरात लिहिलेलं टिपण कुठंही उघडतं. तिथंही एक मेख आहेच. ‘दुसऱ्या’ या शब्दातला तो आडवा र दोन निरनिराळ्या तऱ्हांनी साठवला जातो, दिसायला एकच. एका कळफलकावर लिहिलेला शब्द दुसऱ्या कळफलकावरून शोधला तर कधी कधी सापडत नाही. टिपण हरवलं असं समजण्याआधी र नसलेला शब्द शोधून बघा.

जे विद्यार्थी ऐकत असतील त्यांच्यासाठी एवढंच. शर्यत डोळ्यांनी सापडत नाही, टायलरच्या यंत्रानं ते दाखवलंच आहे. सी किंवा सी प्लस प्लस लिहीत असाल तर जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत थ्रेड सॅनिटायझर आहे. व्हॅलग्रिंडमध्ये हेलग्रिंड आहे. गोमध्ये शर्यत पकडणारं साधन अंगचंच आहे. सगळी ओपन सोर्स, सगळी मोफत. प्रोग्रॅम यांच्याखाली कैक पटींनी हळू चालतो, म्हणून मुलं कंटाळतात. आणि ही साधनं प्रोग्रॅम ज्या वाटेनं गेला तेवढीच वाट तपासतात. तेव्हा सावकाश टाइप करणाऱ्या परीक्षकासारखे वागू नका, कामाचा खरा ताण देऊन बघा.

बाकीच्या श्रोत्यांना एक पाच मिनिटांची परीक्षा सांगते, आज दुपारी करता येईल. तुमचं टिपणांचं सॉफ्टवेअर दोन फोनवर घ्या आणि एक निरुपयोगी टिपण उघडा. दोन्ही फोन विमान मोडवर टाका. पहिल्यावर पहिली ओळ बदला. दुसऱ्यावर खाली एक नवी ओळ लिहा. आता आधी पहिल्याचं नेटवर्क चालू करा, मिनिटभर थांबा, मग दुसऱ्याचं. दोन्ही बदल दिसले तर उत्तम. दोन प्रती दिसल्या तरी चालेल. एकच बदल उरला आणि सॉफ्टवेअर गप्प राहिलं, तर त्यातल्या औषधांच्या, पैशांच्या आणि पत्त्यांच्या नोंदी आजच बाहेर काढून साध्या फाइलीत ठेवा.